बिबट्या खरा होता

तात्या, काकू अजून दवाखान्यातच आहे. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, एवढ्या वर्षांत बापाला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहायला बसलोय ते हे सांगायला, की तुमच्या धाकट्या भावजयीचा गळा बिबट्यानं धरला आणि त्याला कारण मी आहे. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. दुपारची वेळ आहे, मंचरच्या आपल्या दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलंय. बाहेर कांद्याच्या गाड्या हॉर्न वाजवतायत आणि मी बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितोय. अक्षराबद्दल आधीच माफ करा.

तुमच्या वेळी या दुकानात रेडिओवर बातम्या लागल्या की चारजण थांबायचे, बिडी पेटायची आणि मग देश कसा चालवावा यावर वाद व्हायचा. आता दुरुस्तीला रेडिओ कुणी आणत नाही. मी मोबाईल दुरुस्त करतो आणि तो वाद आता फोनमध्येच चालतो. गावाचा ग्रुप आहे, जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणीतरी त्यात आहे, आणि मी त्याचा ॲडमिन, म्हणजे कट्ट्याचा कारभारीच म्हणा. रोज सकाळी मी नव्या तंत्राच्या बातम्या टाकतो. कुणाची माहिती चोरीला गेली, सरकार कुठला नियम आणतंय, पोरांच्या हातात फोन द्यावा की नाही. मग दिवसभर मतं पडत राहतात. ज्याला फोनचा पासवर्ड आठवत नाही तोही कायदा कसा असावा हे सांगतो. आणि काही अडलं की शेवटी सगळे मला विचारतात, "भाऊ, ह्ये खरं हाय का?" खोटं कशाला बोलू, ते विचारणं मला फार आवडायचं. एखाद्या दिवशी कुणी विचारलं नाही तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

बिबटे तुमच्या वेळीही होते, पण आता उसातच जन्मतात, उसातच वाढतात. बायका गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून शेतात जातात, तात्या. कुत्र्याला घालतात तसा, खिळे बाहेरच्या बाजूला. त्यात भर म्हणून आता कॉम्प्युटर बिबटेही काढायला लागलाय. नुसतं सांगायचं की अंगणात बिबट्या बसलाय असा फोटो दे, की तो देतो. कुणी गंमत म्हणून असले फोटो सोडतो आणि दोन दिवस गाव घराबाहेर पडत नाही. खोटे फोटो पसरवणाऱ्यांवर गुन्हे दाखल होणार अशी बातमी आली, तेव्हा ती मीच ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं की इथून पुढं प्रत्येक फोटो मी तपासणार.

आपल्या गावचा दूधवाला सकाळी घरोघरचं दूध गोळा करत फिरतो. त्यानं एक फोटो टाकला. बांधावर बसलेला बिबट्या, मागं कांदा साठवायची बराख, आणि खाली दोनच शब्द, "सावध रहा". मी फोटो मोठा करून पाहिला. केस गुळगुळीत, रंगवल्यासारखे. पंजाची नखं एकमेकांत मिसळलेली. आणि बराखीच्या भिंतीवरच्या पत्र्यावर काही अक्षरं होती, अर्धी, विरघळलेली, कुठल्याच भाषेत न बसणारी. मला आनंद झाला हो. या यंत्राला मराठी अक्षरं धड काढता येत नाहीत, हे मीच तर सगळ्यांना शिकवलं होतं. मी त्या अक्षरांभोवती लाल गोल काढला आणि लिहिलं, "शंभर टक्के बनावट." एवढ्यावर थांबलो नाही. दूधवाल्याला ग्रुपमधून काढून टाकलं. बावीस वर्षं जो माणूस आपल्या दारात दूध मोजून घेतोय, त्याला एक फोन करून "कुठं काढलास रे?" एवढंही मी विचारलं नाही.

दहा मिनिटांनी काकूचा फोन आला. ग्रुपवरचं तिला वाचता येत नाही, ती मलाच विचारते. "आरं, बिबट्याचं काय म्हणत्यात? म्हशीला घास आणायचाय. जाऊ का नको?" मी म्हणालो, जा बिनघोर. मग ती म्हणाली, "पट्टा लई टोचतो रं मानंला. आज नाय घातला तर चालंल का?" आणि मी हसलो. माझ्यासमोर एक परगावचं गिऱ्हाईक बसलं होतं, त्यालाही ऐकू जाईल अशा बेतानं मी म्हणालो, "काकू, कॉम्प्युटरचा बिबट्या चावत नाय." गिऱ्हाईक हसलं. काकूही हसली. तिनं पट्टा खुंटीला अडकवला आणि विळा घेऊन गेली.

ती वाकून घास कापत होती तेव्हा त्यानं मागून धरलं. शेजारच्या वावरातले लोक ओरडत धावले म्हणून सोडलं, नाहीतर ओढूनच नेत होता. संध्याकाळी दूधवाला दुकानात आला. मला वाटलं शिव्या घालील. त्यानं नुसता त्याचा फोन काउंटरवर ठेवला. "लांबून काढला व्हता, म्हणून मोठा करून काढला," म्हणाला, "फोननंच त्यो असा गुळगुळीत केला. मला काय कळतंय त्यातलं?" बरोबर होतं त्याचं. हे फोन लांबचा फोटो घेताना जे दिसत नाही ते आपल्या मनानं भरून टाकतात, हे मला माहीत आहे, मी रोज असले फोन उघडतो. मग त्यानं दुसरा फोटो दाखवला, मोठा न केलेला. बिबट्या एवढासा, पण बराख स्वच्छ दिसत होती. आपली बराख, तात्या. तुम्ही गेल्यावर दुकानाची जुनी पत्र्याची पाटी मी तिथंच भिंतीला ठोकली होती. मी ज्यांच्याभोवती लाल गोल काढला ती तुमची अक्षरं होती, गंजलेली, तुम्ही स्वतः ब्रशनं रंगवलेली.

मला तो अवसरी खुर्दचा माणूस आठवतो. मी अकरावीत आहे, तुम्ही जेवायला गेलाय आणि तो टीव्ही घेऊन दारात उभा आहे. मी सेट चालू करून पाहतो आणि मोठ्या तोऱ्यात सांगतो, ट्यूब गेली, आता यात काही राम नाही. तो बिचारा आल्या पावली सेट उचलतो आणि जाता जाता भंगारात घालतो. तुम्ही आल्यावर सगळं ऐकून एकच विचारलंत, "मागचं झाकण उघडलंस का?" भर बाजाराच्या दिवशी तुम्ही दुकान बंद केलंत, मला सायकल चालवायला लावलीत आणि स्वतः मागं बसलात. त्याच्या दारात पोचल्यावर तुम्ही मला पुढं केलंत. मलाच म्हणावं लागलं की मी झाकण न उघडताच सांगितलं. तो माणूस हसला, त्याच्या बायकोनं चहा दिला. परत येताना चढावर तुम्ही उतरलात, सायकलला मागून हात लावलात आणि म्हणालात, "लाज वाटली ना? वाटू दे. पण ती कुरवाळत बसू नको, काम शीक." आता मागं बसायला तुम्ही नाही आहात, आणि मला या गावातल्या एकाही दारापर्यंत एकट्यानं जाता येत नाही.

ग्रुपवर मला कुणी बोललं असतं तरी बरं झालं असतं. ते माझी समजूत घालतायत. "आजकाल कुणालाच वळखू येत नाय, भाऊ." एकानं लिहिलं की बनावट फोटोवर तसा शिक्का मारायची सक्ती झालीच पाहिजे, त्यावर दोन दिवस चर्चा झाली. आणि मग सगळ्यांचं मत काकूवर येऊन थांबलं. "पट्टा घरी ठिवून गेली, ह्याला काय म्हनायचं?" "बायकांना सांगून उपेग नाय." तिचा पोरगाही तेच म्हणतो, जाईल तिथं म्हणतो, की आमची म्हातारी ऐकतच नाही, हातानं मरण ओढवून घेत होती. पट्टा काढायला कुणी सांगितलं हे फक्त दोघांना माहीत आहे, आणि त्यातल्या एकीला बोलता येत नाही. गळ्याला टाके आहेत. आवाज परत येईल का, हे डॉक्टरही सांगत नाहीत. मी रोज ग्रुपवर लिहायला घेतो, "पट्ट्याचं मीच सांगितलं होतं." रोज पुसतो. परवा एकानं "ॲडमिनची काय चूक?" असं लिहिलं, तर मी त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मला माझीच किळस येते, तात्या. काय करू मी?

काल दवाखान्यात गेलो होतो. काकूचे डोळे उघडे होते. पोरगा चहा आणायला खाली गेला होता. मी वाकलो आणि एकदाचा बोललो, "काकू, तू फोन केला व्हता तवा मी..." तेवढ्यात तो चहा घेऊन दारात आला. काकूनं त्याच्याकडं पाहिलं, सलाईन नसलेला हात उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवला. घट्ट. मग बोट हलवलं, नाही म्हणून. पोराला वाटलं ती मला रडू नको म्हणतेय. तो म्हणाला, "बघा, हिला आपलं सोडून समद्यांचं पडलंय. पट्टा तेवढा घातला नाय." काकू त्याच्याकडं बघत पडून राहिली.

हे कागद मी कुठं ठेवणार नाही, थोड्या वेळानं फाडीन. तुम्ही असता तर म्हणाला असता, तिचा हात बाजूला कर आणि पोरासमोर बोल. एवढ्याशा हाताला जोर तो किती होता, सहज बाजूला झाला असता. मी केला नाही. तो हात माझ्या तोंडावर होता तेवढा वेळ, तात्या, मला सुटल्यासारखं वाटलं.