बिननावाची हाक

६ ऑक्टोबर
पोचले एकदाची! मनिलाहून रात्रभर बस, कंबरेचा पार खुळखुळा झाला. पण सान इसिद्रोच्या फाट्यावर उतरताच समोर समुद्र दिसला आणि शीण कुठल्या कुठे पळाला. घर दोन खोल्यांचं, खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं. घरमालकीणबाई लसणाचा भात आणि कुरकुरीत तळलेलं डुकराचं मांस घेऊन आल्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारलं, एकटीच? एकटीच म्हटल्यावर त्यांनी आणखी एक डाव भात वाढला.

७ ऑक्टोबर
बदलीपूर्वी मनिलाच्या पोलिसी प्रयोगशाळेत प्रत्येक शाखेला आपला मजला होता. रक्त एकीकडे, विष दुसरीकडे, बंदुकीच्या गोळ्या तळघरात, आणि खोट्या सह्या ओळखणारे सगळ्यात वर, नाक वर करून. इथे एक लांबट खोली आणि तीन माणसं. डॉक्टर अनिसेतो शवविच्छेदन करतात, मानांग इब्यांग दात आणि हाडं बघते, बोटांचे ठसे माझ्याकडे. मानांग म्हणजे इकडची ताई. पन्नाशीची आहे, तोंडाचा पट्टा अखंड चालू. माझं नाव विचारायचं कुणाला सुचलंच नाही. मनिलाहून आले म्हणून मी 'मनिला'. ए मनिला, कॉफी घेतेस, की तुमच्याकडे नुसती हवा पितात?

हजेरीच्या मशीनवर अंगठा नोंदवला. माझ्या दहाही बोटांवर शंख; शिकत असताना सगळे चिडवायचे.

संध्याकाळी कुलूप लावताना एक गंमत पाहिली. मानांग दारात उभी राहून, आत तोंड करून स्वतःलाच हाक मारते, इब्यांग, चल गं, मागे राहू नकोस! पाठोपाठ डॉक्टरही, एवढे शिकलेले असून. मेलेल्यांत दिवस काढला की आपला जीव तिथेच रेंगाळतो, त्याला नावानं बोलावून घरी न्यावं लागतं म्हणे. मी हसू दाबत बाहेर पडले.

१५ ऑक्टोबर
नदीच्या मुखाशी वाळूत एक बाई सापडली. बरेच दिवस पाण्यात असणार. दातांवरून मानांग म्हणाली, तिशीची. डॉक्टरांना गळ्यातलं नाजूक हाड मोडलेलं दिसलं. म्हणजे आधी गळा दाबला, मग पाण्यात टाकलं. खून पक्का, पण कुणाचा? नाव कळलं तर तिच्या घरापर्यंत पोचता येईल, आणि तिथून मारणाऱ्यापर्यंत. चेहरा उरलेला नाही. उरली बोटं, म्हणजे माझं काम.

पाण्यात राहिलेल्या हाताची कातडी मोज्यासारखी सुटून येते. ती आपल्या रबरी मोज्यावर चढवायची, शाई लावायची आणि आपलंच बोट असल्यासारखं कागदावर फिरवायचं. आज तासभर तिची बोटं माझ्या बोटांवर होती. उजव्या अंगठ्यावर सुरेख चक्र, त्यावर आडवा जुना व्रण, कोयत्याचा असावा. ठसे स्वच्छ आले. खरं सांगू का, या गावात आल्यापासून इतका वेळ माझा हात कुणी धरला नव्हता.

दोघं आधीच गेले होते. कुलूप लावताना रिकामं घर डोळ्यांपुढे आलं आणि मीही आत तोंड करून म्हटलं, चल गं, मागे राहू नकोस. नाव घ्यायची मात्र लाज वाटली. मला मेदी म्हणणारी आई गेली. आणि रेमेदियोस अशी पूर्ण नावानं आपणच आपल्याला हाक मारायची, म्हणजे सरकारी नोटीस वाचल्यासारखं वाटतं.

२१ ऑक्टोबर
देशभरच्या नोंदींत तिचे ठसे कुठेच नाहीत. शवागारातल्या तिच्या कप्प्यावर चिठ्ठी लागली, 'अनोळखी स्त्री'. नोव्हेंबरच्या सुरुवातीचा मृतांचा सण झाला की नगरपालिका पुरून टाकणार. नाव मिळालं नाही तर तपासही तिच्याबरोबर मातीत जाईल. वाईट वाटलं.

घर मात्र हल्ली खायला उठत नाही. उगाचच वाटतं, पलीकडच्या खोलीत कुणी आहे आणि आपण निवांत जेवावं. सकाळी ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातलेले. मी एकच वापरते. विसरले असेन.

२६ ऑक्टोबर
हजेरीच्या मशीनने माझा अंगठा घेतला नाही. पुसून, वाळवून, पुन्हा. नाहीच. मानांग म्हणाली, बघ मनिला, मशीनलासुद्धा तू परकीच! सगळे हसले, मीही हसले.

घरी येऊन दुसऱ्या कपावर पावडर टाकली, ब्रश फिरवला. अंगठा उमटला होता. चक्र. त्यावर आडवा व्रण.

२७ ऑक्टोबर
झोप नाही. स्वतःच्या अंगठ्याला शाई लावून कागदावर टेकवला. शंख नाही — चक्र. व्रणसुद्धा.

२८ ऑक्टोबर
मानांगला सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. कोणत्या नावानं हाक मारलीस, विचारलं. कोणत्याच नाही म्हटल्यावर तिनं कपाळावर हात मारला. अगं शहाणे, आत एक बिननावाची पडलीय आणि तू बिननावाची हाक मारलीस? तिला वाटलं, तिलाच बोलावलं. ती निघाली तुझ्याबरोबर, आणि तुझा जीव राहिला इथे.

मी ऐकून घेतलं नाही. माणसाच्या मागे ठसे राहतात, जीव नाही, असं काहीतरी बोलले. मग आम्ही त्या बाईचा कप्पा ओढला, पावडर मारली. झाकणाच्या आतल्या बाजूला माझ्या हातांचे ठसे. दहाही शंख. आतून ढकलल्यासारखे.

मानांग म्हणाली, रडू नकोस. सणाचं जेवण पोटात गेलं की मेलेले सुस्तावतात, तेव्हा तुला बोलावून घेऊ. तू इथे आत बसायचं, मी बाहेर फाटकातून हाक मारीन, लगेच ओ द्यायची. जी ओ देईल ती घरी येईल. मग विचारलं, घरी तुला काय म्हणायचे?
मेदी, म्हटलं. कप्प्याला टेकूनच उभी होते मी.

१ नोव्हेंबर
घरोघरी मृतांसाठी ताटं. मी आईसाठी वाढलं — भात, उकडलेलं अंडं, तांदळाची गोड वडी. पाणी आणायला वळले. ताट रिकामं. आरशात बघवत नाही. नदीवरची ती बाई माझ्यापेक्षा ठळक दिसते —

२ नोव्हेंबर
घरमालकीणबाईंनी अंगणातून हात केला. मला नाही. माझ्या शेजारी बघून —

३ नोव्हेंबर, संध्याकाळ
आत टेबलाशी बसलेय. मानांग आणि डॉक्टर फाटकात. उद्या सकाळी नगरपालिकेची गाडी येणार, अनोळखी स्त्रीला न्यायला.

हात गार. पेन धरवत नाही. बोटांची कातडी सैल झालीय — मोज्यासारखी —

मेदी! मेदी, चल गं, मागे राहू नकोस!

अगदी आईसारखी हाक. किती दिवसांनी कुणी या नावानं — ओ म्हणायला तोंड उघडलं आणि मागून —

ओ, आले!

माझाच आवाज. ती — त्या दिवशी माझं नाव ऐकलेली — लगबगीनं गेली. माझ्या चपला घालून. मानांगनं तिला पोटाशी धरलंय, डोळे पुसतेय तिचे. मेदी म्हणतेय, पुन्हा पुन्हा मेदी —

मी ओरडतेय. कुणी वळून —

किल्ली फिरली.

मानांग, ती मी नाही. मी आत आहे. उद्या गाडी यायच्या आधी — चिठ्ठी बदला, कप्प्यावर नाव लिहा, माझं नाव —