एवढी मेथी निघू दे

माय, मी फ्रान्सला जाऊन आले. आल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. बॅग अर्धीच रिकामी झालीय, उरलेली पलंगाशेजारी तोंड उघडून पडलीय. चहा ठेवते आणि उगाच अंगणात जाते, तोवर तो उतू जातो. मग शेगडी पुसते, पुसलेली शेगडी पुन्हा पुसते. मुलगी फोनवर म्हणते, "आई, एवढा लांबचा प्रवास झालाय, झोप बिघडलीय, होईल ठीक." होईलही. पण मला माहीत आहे काय झालंय ते. मी इतक्या लांब जाऊन आले आणि मला कोणी नीट विचारलंच नाही. लोक येतात, मोबाइल मागतात, बोटानं फोटो सरकवतात, त्या लोखंडी मनोऱ्यापाशी थांबून "मस्त" म्हणतात आणि निघून जातात. सांगायचं सगळं पोटात तसंच राहिलंय.

तुझ्याकडे हे चाललं नसतं. आपल्या मळ्यात कोणी कुठूनही आलं, वाशिमच्या कोर्टातून येवो की अकोल्याच्या लग्नातून, त्याला विहिरीजवळ बसवायचं, पुढ्यात मेथीचा ढीग सारायचा आणि जुड्या बांधता बांधता त्याच्याकडून सगळं वदवून घ्यायचं. उद्याच्या बाजाराचा माल आणि गावोगावच्या गोष्टी तुझ्याकडे एकाच बैठकीत तयार व्हायच्या. नुसतं बसून कोणी सांगायला लागलं की तू ऐकून घ्यायची नाहीस. "जो हात रिकामे ठेवून सांगते, तो फेकते," असं तुझं म्हणणं. त्याचा परिणाम असा की मला अजून मोकळ्या हातानं बोलता येत नाही. दवाखान्यात नोकरीला होते तेव्हा पेशंटच्या माणसांशी बोलतानाही मी पट्ट्या गुंडाळत असायची. आत्तासुद्धा दोन ओळी लिहिते, मूठभर तूर निवडते, परत दोन ओळी लिहिते. लिहायला बसलं की भाषा शाळेतली येते, तेवढं समजून घे. तोंडी सांगितलं असतं तर 'मले-तुले'च आलं असतं.

मी सातवीत असताना शाळेची सहल लोणारला गेली, आठवतं? धाकटा तेव्हा पाळण्यात होता. तू भाकरी आणि ठेचा बांधून दिलास आणि बजावलंस, "डोये उघडे ठेवजो. आल्यावर मले सारं सांगजो." संध्याकाळी मी एसटीतून उतरले ती झोपेनं पेंगत. तू मेथीचा ढीग माझ्याकडे ढकललास.

"उबी काहून राह्यली? बस. सांग."

"तळ्याचं पानी खारं हाये, माय."

"खारं? मंग तेथचे लोकं पेरतेत काय?"

"तळ्यात कोनी पेरते का?"

"तळ्यात नाई वं येडे, काठाले!"

काठाला काय पेरलं होतं ते मी पाहिलंच नव्हतं. तू कपाळाला हात लावलास. "एवढी लांब गेली अन काठाले काय हाये ते नाई पाह्यलं!" मी रडकुंडीला आले. मग तुला खूश करायला म्हणून त्या धारेचं सांगितलं, की दगडाच्या गाईच्या तोंडातून गोडं पाणी पडतं आणि ते कधी आटत नाही. आपली विहीर होळी झाली की तळ दाखवायची. "बाराई मयने पडते?" तू विचारलंस. मी म्हटलं, हो, तिथला पुजारी तसंच म्हणाला. तुझ्या हातात अर्धी बांधलेली जुडी होती, ती तशीच राहिली. तुझे हात थांबलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मग तू म्हणालीस, "मी बी येईन एकडाव. एवढी मेथी निघू दे."

मी कितीतरी दिवस वाट पाहिली, ती मेथी निघायची. आपल्याकडे मेथी कशी पेरायचे ते मला ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. एक वाफा उपटायला आला की शेजारचा वीतभर झालेला असायचा, त्याच्या शेजारचा नुकता उगवलेला आणि चौथ्यात बी पडलेलं. बाजार दर आठवड्याला, म्हणून वाफाही दर आठवड्याला. मेथी निघायचीच नाही गं. मेथी थांबली की वांगी, वांगी थांबली की सांबार, शाळेच्या भाषेत कोथिंबीर. लोणार काही काशी-रामेश्वर नव्हतं, सकाळी निघालं तर दिवेलागणीला परत. तू गेलीस त्या दिवशीही एक वाफा उपटायला आला होता. शेजारच्या बायांनी तो उपटून बाजारात नेला, वाया जाऊ दिला नाही. सगळे म्हणाले, किती चांगल्या बाया.

फ्रान्सची हौस माझी नव्हती. मी निवृत्त झाले तेव्हा मुलीनं परस्पर पुण्याच्या एका कंपनीच्या सहलीत माझं नाव घातलं. मी नको म्हणणार होते. पण त्याच सुमारास धाकट्यानं मळ्याचं काढलं. वाशिम रोड आता रुंद झालाय, आपल्या बांधापर्यंत दुकानं आलीत, आणि एक जण प्लॉट पाडायला मळा मागतोय. मी मोठी, मळ्यात माझंही नाव. धाकटा माझ्या घरी आला, चप्पल काढून खालीच बसला आणि म्हणाला, "ताई, माह्ये गुडघे गेले. पोरगं म्हनते, मी वावरात पाय ठेवत नाई. तू नाई म्हन, मी नाई विकत. पन मंग करन कोन, ते बी सांग." मी म्हटलं, "जाऊन येते, मग सांगते." "सांगजो," म्हणाला. एवढंच. असा भाऊ असला की भांडायचीही सोय नसते. तर मी पॅरिस पाहायला गेले असं सगळ्यांना वाटतं. खरं म्हणजे उत्तर द्यायला लागू नये म्हणून पळाले.

पळून गेलेल्या माणसाला काय दिसणार? आमच्या गाइडनं एक भगवी छत्री उंच धरलेली असायची आणि तिच्यामागे आम्ही सगळे, पिल्लं कोंबडीमागे जातात तसे. जळून पुन्हा उभं राहिलेलं मोठं चर्च पाहिलं. एक चित्र पाहिलं, म्हणजे त्या चित्रासमोर उंचावलेले मोबाइल पाहिले. राजाचा आरसेमहाल पाहिला, त्यात मीच मला दहा जागी दिसले, दहाही जागी पर्स पोटाशी धरून. माझ्या खोलीतल्या नागपूरच्या बाई सारख्या म्हणायच्या, "अहो, बसा ना जरा, पैसे भरून आलोय आपण." मला बसवेना. बाकावर बसलं की कानात धाकटा, "करन कोन?"

राजवाड्याच्या शेजारी राजाचा भाजीमळा आहे. खरंच आहे, माय. राजाच्या मुदपाकखान्यासाठी केलेला, अजून राखलेला. गाइड म्हणाला, "आता थोडा मोकळा वेळ, फोटो काढा, कशाला हात लावू नका." मंडळी कारंज्याकडे पांगली, मी एकटी आत गेले. केवढे ते वाफे! दोरी धरून आखलेले, कोबी ओळीत, गाजर ओळीत. भिंतीला नाशपातीची झाडं, त्यांच्या फांद्या दोन्हीकडे ताणून तारेला बांधलेल्या. झाडानं पुढेही यायचं नाही आणि वरही जायचं नाही, भिंतीला पाठ लावून फक्त फळ द्यायचं. लोक त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढत होते. मला ते झाड पाहवेना. मी मान खाली घातली, तर कोबीच्या वाफ्याच्या कडेला लव्हाळा माजलेला.

तुला सांगते, पुढचं मी केलं नाही, माझ्या हातांनी केलं. लव्हाळा दिसला आणि लेक तशीच पुढे गेली, असं तुझ्या घरात कधी झालं होतं का? पर्स बाजूला ठेवली, साडी खोचली, बसले, आणि एक झुबका मुळासकट उपटला, दुसरा उपटला, माती झटकली. मग वास आला. कांद्याचा. ती त्यांची बारीक पात होती गं, कांद्याच्या जातीची, कोबीला काठ म्हणून मुद्दाम लावलेली! तोवर माळीणबाई धावत आली. माझ्याच वयाची, पँट घातलेली, हातात खुरपं. ती जे काही बोलली ते फ्रेंचमध्ये बोलली आणि मला अक्षरन्‌अक्षर कळलं. असंच तू मला बोलली होतीस, मी गवत म्हणून गाजराची रोपं उपटली होती तेव्हा. मी दोन्ही हात जोडले. ती गुडघ्यावर बसली, आणि बसताना तिच्या तोंडून "ऊंऽ" असा आवाज आला. धाकट्याच्या तोंडून येतो तोच. दोन्ही झुबके तिनं परत लावले, अंगठ्यानं माती दाबली, आणि उठायला तिला वाफ्याच्या फळीचा आधार घ्यावा लागला. मी हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही. बरोबरच आहे.

गाइडनं मला शोधून काढलं. "मावशी, हे तुमचं शेत नाही हो!" बसमध्ये त्या दिवशी माझ्यावरून हसायला सगळ्यांना विषय झाला, मीही हसले. पण मनातून मी हलले होते. एवढ्या पिढ्या झाल्या, राजा गेला, मळा राहिला. मी जे मागत होते ते हेच की नाही? आपला मळा राहावा. मी रविवारी मालेगावातल्या माझ्या घरून रिक्षानं यावं, वाफे पाहावेत, तुझी आठवण काढावी, पिशवीभर वांगी घेऊन परत जावं. आणि त्यासाठी कोणीतरी तिथं गुडघे टेकून "ऊंऽ" करत राहावं. म्हणजे मीही त्या तिकीट काढून पाहणाऱ्यांतलीच. संध्याकाळी मनोऱ्यावर दिवे लागले, सगळे "आहाहा" करत होते, आणि मी बोटांचा वास घेत उभी होते. कांद्याचा वास गेला नव्हता.

आज सकाळी चॉकलेटचा डबा घेऊन मळ्यात गेले. धाकटा मेथी उपटत होता, एक पाय दुमडून, दुसरा लांब सोडून. भावजय जुड्यांना रबर लावत होती. जुड्या बांधायला केळीच्या दोऱ्या आता कोणी भिजवत नाही. मी बसले, ढीग ओढला आणि जुड्या करायला लागले. मळ्याचं कोणी काढलं नाही. मी राजाच्या मळ्याचं सांगितलं, तर धाकटा एवढा हसला की त्याला ठसका लागला. "एवढे पैसे भरून निंदन कराले गेली व्हती का तू?" भावजय म्हणाली, "ताई, आपल्या इथंच निंदलं असतं तं चहा बी पाजला असता मी." खूप दिवसांनी बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून धीर गेला. कसं म्हणू, काय म्हणू? हो म्हटलं तर तुझा मळा जातो, नाही म्हटलं तर हा असाच पाय लांब सोडून बसतो. मी विषय टाळला, भलतंच बोलले. म्हटलं, "उद्या आपण तिघं लोणारले जाऊन येऊ. गाडी करते मी. तुमी दोघांनीबी नाई पाह्यलं अजून."

धाकट्यानं मान वर केली नाही. हात चालूच. म्हणाला, "येऊ ना, ताई. जरूर येऊ. एवढी मेथी निघू दे."

तो पाळण्यात होता गं तेव्हा. त्याला हे कोणी सांगितलेलं नाही.

मी म्हटलं, "देऊन टाक."

"काय?"

"मळा. देऊन टाक त्या मानसाले. माह्यी हो हाये."

त्याचे हात थांबले. मग त्यानं शेजारच्या वाफ्याकडे बोट केलं. "ताई, तो कालच पेरला हाये." भावजय पदरानं तोंड पुसत होती, ती हसत होती की रडत होती मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मी म्हटलं, "उगवू दे त्याले. पन उद्या सकायी गाडी येईल." तो म्हणाला, "उद्या बाजार हाये." मी म्हटलं, "असू दे बाजार." आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य आपल्या मळ्यात कोणीतरी बोललं.

सकाळी गाडी येईल. तिघांच्या भाकरी मीच करणार आहे. डबे धुऊन पालथे घातलेत, दोनदा जाऊन पाहून आले. धाकट्याला दोनदा फोन केला, दोन्हीदा म्हणाला, "येतो म्हनलं ना, ताई." त्याचा आवाजही थाऱ्यावर नव्हता. तुझ्या मळ्यात उद्या बाजाराच्या दिवशी कोणी नसेल.

तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे कागद पाठवायचा प्रश्नच नाही. तूर निवडून झालीय. एक मात्र राहिलं, ते कोणालाच सांगितलेलं नाही. हो म्हटल्यावर मला वाईट वाटेल असं धरून चालले होते. नाही वाटलं, माय. हलकं वाटलं. उद्या काठाला काय पेरलंय ते नीट पाहून येते.