आज्याच्या चंचीतली शिल्लक

सारसोळे,
ता. २९ मार्च १९८६

तीर्थस्वरूप गंगाराममामा यांच्या चरणी भाचा कान्हा याचे लांबूनच दंडवत. (जवळून घालायचे तर उरणपर्यंत भाडे पडते.)

इकडे सर्व खुशाल आहेत असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. मामींची कंबर आता कशी आहे? आईने मुद्दाम विचारायला सांगितले आहे. (माघातल्या जत्रेत त्या आम्हा सगळ्यांच्या आधी पळत जाऊन पाळण्यात बसल्या, त्याअर्थी उतार पडला असावा.) तुमचे सोनेरी पट्ट्याचे नवे घड्याळ वेळ बरोबर दाखवते ना? एवढ्या थंडीत तुम्ही बाही कोपरापर्यंत दुमडून फिरत होता, त्यामुळे ते आंधळ्यालाही दिसले. हप्त्याने नाही, रोखीने घेतले, हेही तुम्हीच चारचौघांत सांगितलेत. आई तर घरी येईपर्यंत तेच बोलत होती. माझा भाऊ कसा जपून राहतो बघा, म्हणाली.

तुमचे जूनमधले कार्ड मी अजून जपून ठेवले आहे. कॉलेजातल्या पोराने पै पै जोडावी आणि जोडलेल्या पैशाकडे परत परत बघू नये, बघितले की तो खर्च होतो, असे तुम्ही त्यात लिहिले होते. मामा, मी दोन्ही गोष्टी ऐकल्या. थोरामोठ्यांचे ऐकले की काय होते, ते आता कळवतो.

बसचे येऊनजाऊन दीड रुपया वाचावा म्हणून मी जूनपासून वाशीला कॉलेजात चालत जाऊ लागलो. दिवाळीपर्यंत दोन चपला झिजल्या. (दोन्हींची किंमत बसच्या पैशातून वजा केली तेव्हा मला रडू आले, म्हणून परत हिशेब केला नाही.) कँटीनमध्ये पोरे वडापाव मागवायची, तेव्हा काहीतरी कारण सांगावे लागे. सोमवारी शंकराचा उपास सांगितला, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. घरात सुकटीचा वास आला की ज्याच्या तोंडाला पाणी सुटते असा मी, पण वर्गात माझी साधुपुरुष म्हणून ख्याती झाली. मुली पेपराआधी माझ्या पेनाला पेन लावून जायच्या. शेवटी मित्रमंडळींनी सत्यनारायण घातला आणि एवढा धार्मिक माणूस म्हणून मलाच यजमान करून एकवीस रुपये काढून घेतले. उपासाचे तीन आठवडे देवाने असे वसूल केले.

तरीही, दोन पोरांच्या शिकवण्या धरून, डिसेंबरात माझ्याजवळ तीनशे दहा रुपये जमले. ते ठेवायचे कुठे? घरात ठेवले तर नामादादा उसने नेतो. (आमच्या या मोठ्या बंधुराजांना उसने हा शब्द येतो, परत हा येत नाही.) सरकारने घेतलेल्या जमिनीचे पैसे मिळाले तेव्हा काय झाले तुम्ही पाहिलेतच. निम्मे दादाच्या हळदीत बेंजोवर नाचले, उरलेल्यांची मोटारसायकल आली. ती आता आंब्याखाली उभी आहे आणि तिच्यावर आमच्या कोंबड्या बसतात. पोस्टात खाते काढावे तर पासबुकातला आकडा माझ्याआधी गावाला कळणार. म्हणून अंगणात पालथी पडलेली आज्याची जुनी होडी मी निवडली. आजा गेल्यापासून ती पाण्यात उतरली नव्हती. बाबा आता पावणे गावच्या कारखान्यात वॉचमन आहेत, त्यांना पाण्यात उतरायला सवड नाही, आणि खाडीत मासा तरी कुठे राहिलाय. आज्याची तंबाखूची चंची होती, तिच्यात नोटा घातल्या, तीन गाठी मारल्या आणि चंची मागच्या फळीखाली सारली. नंतर तुमच्या कार्डाप्रमाणे तिकडे ढुंकूनही पाहिले नाही.

दुसऱ्या सत्राची फी तेव्हाच भरून टाकायची होती. पण हाव सुटली. फीमाफीचा अर्ज केला होता, तो मंजूर झाला तर पैसे शिल्लक राहतील म्हणून थांबलो. अर्ज गेल्या आठवड्यात परत आला. कुटुंबाला जमिनीची नुकसानभरपाई मिळालेली असल्याने अर्जदार गरजू नाही, असा शेरा होता. मी कारकुनाला म्हणालो, साहेब, घरी चला, आमच्या भरपाईवर बसलेल्या कोंबड्या दाखवतो. तो हसलासुद्धा नाही. दोनशे पंच्याऐंशी रुपये भरल्याशिवाय हॉल तिकीट नाही, आणि हॉल तिकीट नाही तर बी. कॉम.चे शेवटचे वर्ष पाण्यात. आपल्या दोन्ही घरांत मिळून मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी एकटा आहे, हे तुम्हीच लोकांना सांगत असता.

मी निर्धास्त होतो. होडीत पैसे होते ना! होळीच्या दिवशी कॉलेजातून चालत आलो तर गावात लाकडांची गडबड. लाकूड चोरूनच आणायचे आणि होळीवर चढलेले लाकूड मालकाने परत मागायचे नाही, ही रीत तुम्हाला मी काय सांगणार! (तुम्ही तर लग्नाच्याच साली सासऱ्याच्या पडवीचे दार नेले होते म्हणतात.) माझा मित्र पोपट आणि चारपाच पोरे झावळ्यांनी झाकलेले काहीतरी जड ओढत होती. "कान्ह्या, धर रं मांगशी!" पोपट ओरडला. मी दप्तर फेकले आणि मागची बाजू खांद्यावर घेतली. ज्याचे चोरले त्याच्या नावाने सगळ्यात मोठी बोंब मीच मारली, मामा. पोरे हसून लोळत होती, मला वाटले माझ्या आवाजाला हसतात. माळावर झावळ्या काढल्या आणि खाली आज्याची होडी!

सांगायचे कसे? सांगितले असते तर रीत मोडली असती, आणि वर घरादाराला पैशाचे कळले असते. ती होळीवर चढली तेव्हा फळीखाली हात घालायला मी वर उडी मारली, तर दोन जाणत्यांनी अंगात आले म्हणून मला खाली धरले आणि कपाळाला राख लावली. बाबा ड्यूटीवरून आले, जळत्या होडीकडे जरा वेळ पाहत राहिले आणि हातातला नारळ आत टाकून म्हणाले, "बरं जालं. अंगनात कुजत व्हती." बाबांचे डोळे धुराने लाल झाले असतील असे मी धरून चाललो आहे. मी मात्र खरेच रडलो. सहा महिन्यांचे वडापाव समोर जळत होते, आणि आजाही दुसऱ्यांदा जळत होता. बायका म्हणाल्या, पोराची भक्ती बघा.

एवढे लिहून तुमचा वेळ घेतला, क्षमा असावी. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
कान्हा

ता. क. — सुज्ञास सांगणे न लगे, तरी सांगतो. दोनशे पंच्याऐंशी रुपये उसने मिळतील का? नोकरी लागताच पहिल्या पगारात फेडीन. मनिऑर्डर घरच्या पत्त्यावर करू नये, नामादादा सही करायला टपून असतो.

आणखी ता. क. — पाकीट बंद करणार तोच आईने विचारले, कोणाला एवढे लिहितोस? मला राहवले नाही, तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, "त्या चंचीतलं पैसं व्हय? आरं, ते तं मना पौषातच गावले. सुकटी वालत घालाला फली कारली तवा. मना वाटलं, आज्यानी ठेवलेलं. त्याच दिसी मामा आलेला, मामीच्या कंबरंला इंजेक्शनं घ्याची म्हनून. सगलंच त्याला दिलं."

म्हणजे होळीत नुसती होडी जळाली. मी पौषातच एकदा फळी उचलून पाहिले असते तर कळले असते, पण तुमचे कार्ड आडवे आले. वरचे 'उसने' आणि 'फेडीन' हे दोन्ही शब्द खोडले असे समजावे. आईला घड्याळाचा उलगडा अजून झालेला नाही. शुक्रवारपर्यंत मी तो करणार नाही.

फीची खिडकी शुक्रवारी दुपारी चारला बंद होते. पैसे घेऊन स्वतःच या. चार कधी वाजतात ते माझ्या तीनशे दहा रुपयांवर तुम्हाला दिसेलच.