गवताची बाजू

प्रिय सिग्ने मावशी,

तुझ्या कादंबरीची आठवण म्हणून गाव वाचनालयाशेजारी एक घर बांधतंय. या माळावर आलेल्या पहिल्या लोकांचं होतं तसंच, गवतासकट कापलेल्या मातीच्या विटांचं. पण तू यायची नाहीस, ठाऊक आहे. कादंबरीतली ती पाहुण्यांना पाणचट कॉफी पाजणारी बहीण म्हणजे आपणच, हे ओळखल्यापासून आईने तुझ्याशी अबोला धरलाय. "तिच्या पुस्तकाला मी हातसुद्धा लावलेला नाही," असं ती गावभर सांगत असते.

काल ती लांबूनच बांधकाम बघत होती. एल्मर आणि मंडळी गवताची बाजू वर करून विटा रचत होती. आईला राहवेना.

"अरे शहाण्यांनो, गवत खाली! तिसऱ्या प्रकरणात इतकं नीट लिहिलंय की तिनं!"

एल्मरने हळूच विचारलं, "कुणी लिहिलंय, काकू?"

आई लालबुंद.

आत्ता माझ्या खांद्यावरून वाकून तिने हे पत्र वाचलं. म्हणाली, "टपालात टाकू नकोस. पत्राने ती हलायची नाही, मीच जाते आणायला. गाडीची किल्ली दे. आणि थर्मासात कॉफी भर. चांगली कडक कर."

तुझी भाची,
इंगर