विम्याच्या बाईंचा एक तास

४ मार्च
पास झाले! बासष्टाव्या वर्षी. आता मी सरकारमान्य काळजीवाहक. वृद्धसेवेच्या सरकारी विम्यातून घरच्याच माणसाचं करायला पगार मिळतो — पण रोज एका तासाचाच. उरलेला दिवस मी फुकटची सून. सासूबाईंना सांगितलं. "माझं तोंड धुवायला सरकार तुला पगार देणार? काय मेलं वेडं सरकार!"

११ मार्च
पहिला दिवस. दारामागच्या हजेरीच्या पट्टीला फोन टेकवला — तास सुरू. सेवा केंद्राने दिलेलं निळं जाकीट घातलं. नियम म्हणजे नियम. सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "या, विम्याच्या बाई. बसा ना."

इतक्या वर्षांत मला कधी 'बसा' म्हणाल्या नव्हत्या! केसही धुऊ दिले. एरवी म्हणतात, तुझे हात म्हणजे घासणी. आज — "हात हलका आहे हो तुमचा." हात तेच!

पुन्हा फोन टेकवला, जाकीट उतरवलं. लगेच: "कुठे उलथली होतीस? किमची आंबट झालीये."

ओळखत नाहीत, की सोंग? छडा लावलाच पाहिजे.

१४ मार्च
जाकिटाशिवाय न्हाऊ घालायला गेले. ओरडल्या. जाकीट चढवून गेले — मान पुढे केली.

१५ मार्च
तेच.

२० मार्च
ग्यूसिक भावोजी देगूहून आले. "वहिनी, आईला शुश्रूषागृहात ठेवू. विमा बहुतेक खर्च देतो. तुमच्या कमरेकडे बघा जरा."

"माझ्या कमरेची चौकशी करायला तुम्हाला कुणी बोलावलंय?"

सासूबाईही कडाडल्या, "मला पुरायला आलास, की जेवायला?" आम्हा दोघींचं एकमत! प्रथमच. बिचारे न जेवता गेले. मी असेपर्यंत त्या इथून हलणार नाहीत.

२७ मार्च
विम्याच्या बाईंशी त्या किती बोलतात! आज सुनेचा विषय निघाला. "कॉलेज शिकलेली आहे, बाई. तिच्यापुढे बोलायची सोय नाही."

राहवलं नाही. विचारलं, "मारते का?"

"छे! पण वाकताना कण्हते. भिंतीला धरून उठते. विचारलं तर म्हणते, काही नाही."

मला वाटायचं, यांना ऐकू येत नाही.

३१ मार्च
जाकीट घालून मुद्दाम माझ्या नेहमीच्या आवाजात ओरडले, "औषध गिळा!" निमूट गिळलं. "बाई, तुम्हीसुद्धा?" — आणि हसल्या. छडा काही लागत नाही.

२ एप्रिल
तास संपत आला होता. सासूबाईंनी माझ्या जाकिटाची बाही धरून जवळ ओढलं. "बाई, धाकट्याला फोन करा. म्हणावं, शुश्रूषागृहाला मी तयार आहे. त्या दिवशी तिच्यासमोर कशी हो म्हणणार? ती मला सोडायची नाही, आणि मोडून जाईल. आधी तिथे माझं नाव घाला. तोवर सुनेला सांगू नका."

"नाही सांगत," मी म्हटलं.