पांढऱ्या गाडीची आयुधपूजा

बनशंकरी, बेंगळुरू
३ ऑक्टोबर २०२५

शमीअक्का,

नमस्कार, पाया पडतो, सगळं आलं असं समज. पुण्यात तू मजेत असशीलच. घरच्यांना ब्लॉक केलं की माणूस मजेतच असतो. फोन लागत नाही म्हणून हा कागद. अक्षराला हसू नकोस. आईचा गुडघा तसाच. खालच्या नागराज अण्णांची कुत्री व्याली.

बाबांच्या कमिटीचं तुला माहीतच आहे. कारखान्यातली बारा लढाऊ विमानं त्या दोस्त देशाला द्यायची का नाही. दोस्त कसला, स्वतःच्याच डोंगरातल्या गावांवर बॉम्ब टाकतोय. कमिटीत सगळ्यांना ठाऊक आहे. आणि चर्चा काय? शेपटीवर त्यांचा झेंडा केवढा रंगवायचा! शिकलेली माणसं, अक्का. मी डिप्लोमाला उडालो ते बरंच झालं.

सही एकट्या बाबांची राहिलेली. फाईलवर भांडण दिसलेलं त्यांच्यात चालत नाही, म्हणून घरी येऊन आधीच मिटवतात. कमिटीचे मुख्य अप्पासाहेब रोज यायला लागले. चकली मोडत म्हणायचे, "पुरुषोत्तम, आपण नाही दिली तर दुसरा कुणीतरी देईलच."

"मग देऊ दे की दुसऱ्याला," आई आतनं म्हणाली. तिला कोण विचारतंय!

बाबा गप्प. तू फोनवर ओरडलीस, "सही केलीत तर मी तुमची कुणी नाही," तेव्हाही गप्प. तुला वाटलं घाबरले. तसं नव्हतं. सांगतो, आधी गंमत ऐक.

खंडेनवमीला अप्पासाहेब नवीकोरी पांढरी गाडी घेऊन आले. गल्लीत आयुधपूजा चाललेली, रिक्षांना केळीचे खुंट बांधलेले. मला म्हणाले, "आशय, आमच्या गाडीचीपण करून टाक रे. आता तू आमचाच माणूस!"

हां, तेच सांगायचं होतं. कारखान्यात एक जागा माझ्यासाठी धरून ठेवलेली. बाबांची सही झाली की माझी ऑर्डर. तराजूत एका बाजूला ती गावं आणि दुसऱ्या बाजूला मी. बाबा म्हणून गप्प होते.

सरी काका, करतो की, म्हटलं. चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळ्यात कुंकू भरलं. कोहळा रस्त्यावर फोडतात. मी बॉनेटवर फोडला. काच, दिवे, अप्पासाहेबांचा शर्ट, सगळं लाल.

"काका, तुमचं विमान गावावरनं गेलं की असंच दिसतं का? का स्वल्प जास्त?"

"माकडा! कारखान्याच्या फाटकाशीसुद्धा उभा करणार नाही तुला!"

"थँक्यू काका."

बाबा दारात होते. वाटलं, आता कानाखाली बसणार. त्यांनी माझ्या हातात बादली दिली. "त्यांच्या शर्टावर पाणी मार," म्हणाले, आणि आत जाऊन हसत बसले.

आज मीटिंग झाली. बाबा सही न करता आले. विमानं जातीलही, बाकीच्यांना कुठं लाज आहे! चपला काढता काढता त्यांनी एवढंच विचारलं, "शमीचा फोन लागतो का रे?"

नाही लागत, म्हटलं. माझा राहू दे. त्यांचा तेवढा लागू दे.

तुझा,
लागायच्या आधीच नोकरी गेलेला भाऊ,
आशय