सोमवारचं भाषण

डिचोली, शनिवार

प्रिय पद्मा,

तुझा फोन आला तेव्हा मी हो म्हणालो ते सवयीने. भाषणाला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. सोमवारी कारखान्यात येऊन बायकांना चार शब्द सांगा, असं तू म्हणालीस. अठ्ठावीसपैकी नऊ जणी मोपाच्या विमानतळावर साफसफाईला गेल्या, उरलेल्या निघायच्या तयारीत आहेत, आणि त्या गेल्या तर ऐन हंगामात काजू फोडायला कोणी राहणार नाही. तुझा आवाज बसला होता. झोप लागते का, हेही मी विचारलं नाही.

काल मी पेडण्याला तुझ्या कारखान्यात जाऊन आलो. तू पणजीला असशील हे ठाऊक होतं, म्हणूनच कालचा दिवस निवडला. काजूगर निवडणाऱ्या बायका एका ओळीत, भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. तुझ्या आईच्या वेळी त्या समोरासमोर बसायच्या; अखंड गर आणि दुभंगलेली पाकळी वेगळी करता करता एकमेकींच्या सुनांचा समाचार घ्यायच्या. बोलण्यात वेळ जातो म्हणून तू ओळ केलीस. त्यांच्यातली पार्वती मला म्हणाली, "भाई, आता आमी भिंतीक सुखदुख्खा सांगतांव." सगळ्या हसल्या आणि लगेच तू लावलेल्या कॅमेऱ्याकडे बघून गप्प झाल्या. विमानतळावर पगार थोडासाच जास्त आहे, पहाटेची बस धरावी लागते. पण तिथे पहिल्याच दिवशी नावाचं कार्ड गळ्यात घालतात, हे तीन जणींनी मला वेगवेगळं सांगितलं.

मग गंगा भेटली, तुझ्या आईच्या वेळची सगळ्यांत जुनी. तेव्हा भट्टीतून निघालेला एक गर ती दाताखाली धरायची. कटकन तुटला तरच तुझी आई डबे भरू द्यायची. तू ओल मोजायचं यंत्र आणलंस. चांगलं केलंस, यंत्राशी माझं भांडण नाही. पण त्या दिवसापासून पारखायला गंगाच्या हातावर कोणी गर ठेवला नाही. दिवाळीत फोंड्याच्या व्यापाऱ्याने ओलसर म्हणून जी खेप परत पाठवली, ती भरतानाच तिला कळलं होतं. यंत्र चुकतंय हे तिच्या बोटांना कळलं होतं. मग सांगितलं का नाहीस, म्हटलं. "इचारल्यान कोणी?" म्हणाली. त्यात राग नव्हता.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते लिहितो. शहाऐंशी साली डिचोलीचा काजू कारखाना मालकाने बंद पाडला, असं मी तुला सांगत आलो. खरं म्हणजे संपाला नमून मालकाने निम्म्या मागण्या मान्य केल्या होत्या आणि बायकांना कामावर परतायचं होतं. त्यांचा पुढारी म्हणून मी फाटकासमोर दीड तास बोललो, संप चालू ठेवा म्हणून. टाळ्या पडल्या, त्यांनाच मी होकार समजलो. संप लांबला, कारखाना गेला. त्याच कारखान्यात असलेली गंगा तेव्हा पोटुशी होती. बाळंतपणानंतर तीन वर्षं तिने खाणीवर घमेली उचलली. हे मला काल कळलं, सदतीस वर्षांनी, विचारल्यावर. तुझ्या आईला बहुधा तेव्हाच कळलं होतं. तिने पेडण्याचा हा कारखाना काढला आणि पहिल्या बायका त्या फाटकावरच्याच घेतल्या. का, ते ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. म्हणून सोमवारी मी भाषण करणार नाही. मी थकलो आहे, माझ्याच आवाजाला तर फारच कंटाळलो आहे. तू ती ओळ मोड, त्यांच्यात खाली बस आणि गंगाला विचार. ती लगेच बोलणार नाही. तेवढ्यात तू बोलायला लागू नकोस. ती खोड तुला माझ्याकडून आली आहे.

तुझाच,
पप्पा